दोन मग तांदूळ

खरे मोठेपण कुठल्याही मापात मावत नाही, असे आमच्या बोर्डिंगचे अध्यक्ष आबासाहेब दर वर्षी स्नेहसंमेलनात सांगत. सांगताना त्यांचा उजवा हात वर जाई आणि नजर छताकडे. आमचे कोठीवाले राघूनाना जाधव या मताचे नव्हते. मापात मावत नाही ते खाली काढून ठेवावे आणि ज्याचे त्याला परत द्यावे, असे त्यांचे साधे मत होते. ते सांगायला त्यांना हात वर करावा लागत नसे.

लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षी नाना आमच्याकडे आले. साताऱ्याच्या त्या बोर्डिंगात आसपासच्या खेड्यांतली ऐंशी पोरे राहत. मी त्यांना गणित शिकवी आणि सुपरिंटेंडेंट म्हणूनही मिरवी. म्हणजे संडासाची कडी तुटली की पोरे माझ्याकडे येत. नाना पलटणीतून हवालदार म्हणून सुटलेले. विट्याजवळचे राहणारे. त्या बाजूची माणसे सोने गाळायला परमुलखात जात; नाना तांदूळ मोजायला आसामात गेले होते. त्याआधी सांगलीच्या धान्यपेठेत मापाडी होते. धोतरावर पलटणीचा खाकी कोट, डोक्याला पांढरा फेटा, आणि कोटाच्या खिशात बाभळीची एक वीतभर पट्टी. ही पट्टी हेच त्यांचे शस्त्र.

आमच्या भागात धान्य मोजून देताना मापावर शीग लावतात. पायली भरली की काठाच्या वर दाण्यांचा डोंगर उभा राहतो. तो राहील तेवढा राहू द्यायचा, आपण होऊन घसरेल तेवढाच घसरू द्यायचा. काठाबरोबर सपाट माप देणे म्हणजे समोरच्याच्या तोंडावर दार लावण्यासारखे. माझी आई तर उसने पीठ परत करतानाही वाटीवर टेकडी करून पाठवी.

नानांचे तसे नव्हते. पायली भरली की ते पट्टी काढत आणि काठावरून एकदाच, न थांबता, फिरवत. डोंगर खाली. राहिलेले माप तळ्यातल्या पाण्यासारखे सपाट. पोरे त्यांना पाठीमागे ‘सपाटनाना’ म्हणत. पुढे पुढे तोंडावरही म्हणू लागली. पोरांना ते उपाशी ठेवत असे मात्र नाही. आचारी म्हणाला, आज भात कमी पडेल, तर नाना लगेच म्हणत, “मंग आनखी दोन मापं घे. चार घे. पन आधी पाटीवर लिव. लिवल्याबिगर दाना हलाय नगं.”

त्यांच्या पहिल्याच दसऱ्याला आबासाहेबांची देणगी आली. दर वर्षी ते दहा मण ज्वारी देत. बैलगाडीला झेंडूच्या माळा, पुढे वाजंत्री, आणि सगळ्या पोरांसमोर अंगणात ज्वारी मोजली जाई, भली मोठी शीग लावून. आबासाहेब त्याला ‘धर्माचे माप’ म्हणत आणि म्हणून झाल्यावर टाळ्यांसाठी थांबत. त्या वर्षी मोजायला नाना बसले. टाळ्या वाजत होत्या आणि पट्टी फिरत होती. शेवटी बाजूला काढलेली ज्वारी एका पोत्यात भरून, तोंड शिवून, नानांनी ती परत आबासाहेबांच्या गाडीत नेऊन ठेवली.

“हे काय?” आबासाहेबांनी विचारले.

“तुमी धा मण सांगितलं हुतं. धा मण झालं. हे तुमचं ऱ्हायलं.”

“अहो, ती शीग आहे!”

“व्हय. म्हनून तर परत देतूय.”

आबासाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, हा माणूस वेडा आहे की कम्युनिस्ट?” मी म्हटले, चौकशी करतो. वाजंत्रीवाल्यांना काय झाले ते कळले नव्हते. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

चौकशी मी खरोखरच करायची ठरवली होती, पण नानांना काही विचारणे सोपे नव्हते. शब्दसुद्धा ते सपाट मापाने देत. एकदा आम्ही दोघे कोरेगावला निघालो होतो. सर्व्हिस मोटार नेहमीप्रमाणे भरली होती. टपावर गुळाच्या ढेपा, कोंबड्यांची खुराडी आणि एक सायकल. नानांनी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली, चाकांकडे पाहिले, टपाकडे पाहिले.

“किती शिटं?” त्यांनी ड्रायव्हरला विचारले.

“अठ्ठावीस.”

“पास किती?”

“बावीस. बसा की हवालदार.”

“आन वरचं वझं? ते लिवलंय का कुठं?”

“आवं, हे काय इमान हाय व्हय?” ड्रायव्हर हसून म्हणाला. आतली अठ्ठावीस माणसेही हसली.

नाना हसले नाहीत. त्यांचा चेहरा एकाएकी असा झाला, की मी त्यांचा दंड धरला. तो सोडवून घेऊन ते म्हणाले, “तुमी जा मास्तर. मी येतो चालत.” आणि ते खरेच बारा मैल चालत आले. मी त्यांना हेकट ठरवले. कारण माहीत नसले की हा शब्द फार उपयोगी पडतो.

पुढे एकदा बोर्डिंगसाठी हळद आणि तूर आणायला आम्ही सांगलीला गेलो. जाताना रहिमतपूर स्टेशन आले तेव्हा नाना उठून डब्याच्या पलीकडच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले, फलाटाकडे पाठ करून. गाडी सुटल्यावर जागेवर आले. मला वाटले, पाय मोकळे करत असतील.

सांगलीच्या पेठेत एका म्हाताऱ्या हमालाने त्यांना पाहून डोक्यावरचे पोतेच खाली टाकले.

“आरं, राघू का रं? शिगंवाला राघू!”

मला वाटले, याचा माणूस चुकला. पण आणखी चारपाच जण गोळा झाले. सगळ्यांना शिगेवाला राघूच आठवत होता. “मास्तर, ह्येच्या हातची शीग म्हंजे पायलीवर दुसरी पायली हो! बाया रांग लावून थांबायच्या, राघूच्याच हातनं मोजून घेनार म्हनून. आन मालक गादीवरनं वरडायचा, ‘आरं, माझं दुकान मोजतुयास का?’” म्हाताऱ्याने ज्वारीचे एक माप पुढे केले. “गड्या, एक शीग लावून दाव की मास्तरांस्नी.”

नानांनी माप हातात घेतले, काठापर्यंत भरले, आणि हात मागे घेतला. माप खाली ठेवून ते म्हणाले, “आता जमत न्हाई रं.” हमालांना वाटले, लढाईत हाताला इजा झाली असावी. त्यांनी हळहळून चहा पाजला.

परतीच्या गाडीत रहिमतपूर आले. नाना पुन्हा उठले, पुन्हा पलीकडच्या खिडकीशी. या वेळी मी विचारलेच. “नाना, या गावाशी तुमचे भांडण आहे का?”

गाडी हलली तरी ते तसेच उभे होते. मग येऊन समोर बसले आणि सातारा रोड येईपर्यंत बोलले. इतके सलग मी त्यांना आधी कधी ऐकले नव्हते, नंतरही नाही.

आसामात एका विमानतळाशेजारी त्यांची रसद भरायची छावणी होती. ब्रह्मदेशाच्या रानात आपल्या पलटणी अडकल्या होत्या. त्यांच्याकडे जायला रस्ता नव्हता. मालवाहू विमान वरून जाई आणि दारातून पोती खाली ढकलली जात. नानांचे काम पोती भरायचे, काट्यावर चढवायचे आणि कागदावर सही करायची. एका पोत्यात ऐंशी पौंड तांदूळ. एका विमानात पंचाहत्तर पोती. एवढा भार घेऊन विमान धावपट्टीच्या टोकाशी असलेली टेकडी जेमतेम ओलांडी.

“काट्यावरनं उतरलं की मी वर दोन मग तांदूळ घालायचो,” नाना म्हणाले. “पलटनीचा चहाचा मग असतोय बघा, त्यो. पोतं शिवायच्या आधी.”

“का?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मला माझ्या प्रश्नाची लाज वाटली. “मास्तर, खाली पोरं उपाशी हुती. उपाशी मानसाला कोरडं सपाट माप कसं द्यायचं?”

विमानाच्या दारात उभे राहून पोती ढकलणाऱ्यांत दौलत नावाचा रहिमतपूरचा एक तरुण होता. भागातला माणूस म्हणून तो नानांच्या मागेपुढे असे. तोच म्हणायचा, “घाला नाना, घाला. न्हाईतर खाली म्हनतील, सातारची मानसं लय चिकट.”

पाऊस लागला होता. पोती दमट होती. त्या सकाळी विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत गेले, उचलले, आणि टेकडीवरच्या झाडांच्या शेंड्यांना त्याचे पोट लागले. आत सातजण होते. चार गोरे, तीन आपले; त्यांत दौलत.

“दोन हात, मास्तर,” नाना म्हणाले. “दोन हात वर आसतं तर गेलं आसतं. मी बघत हुतो.”

मी गणिताचा मास्तर. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी हिशेब केला. पोत्यामागे साधारण दोन पौंड. पंचाहत्तर पोती. “म्हणजे दीडशे पौंड,” मी म्हटले. “एका माणसाचे वजन.” बोलून गेल्यावर मला जीभ चावावीशी वाटली.

नानांनी मान हलवली. “त्योच. यादीत नसलेला मानूस बसला इमानात. त्येला मीच बसवला. त्यो रोज दिसतो मला. तोंड तेवढं न्हाई त्याला.”

मी त्यांना पुष्कळ समजावले. विमान कशाने पडले हे कोण सांगणार? इंजिन असेल, ढग असतील, पाऊस असेल. सहा हजार पौंडांत दीडशे म्हणजे काय! नानांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच म्हटले, “साब लोकांनी चौकशी केली हुती. त्यांस्नी ठावं आसंल. इचारा की, इंग्रजीत.”

मी पत्र लिहिले. माझे इंग्रजी चांगले होते आणि मला ते दाखवायची संधी क्वचितच मिळे. पहिल्या मसुद्यात मी ‘अनवधानाने झालेली किंचित वाढ’ असे काहीसे लिहिले. नानांनी त्याचा अर्थ विचारला, मी सांगितला. “खोटं हाय,” ते म्हणाले. “ध्यान हुतं माझं. दोन मग लिवा.” मी दोन मग लिहिले. अशी तीन पत्रे गेली. पत्रे कचेऱ्यांतून फिरत असताना देश स्वतंत्र झाला, बोर्डिंगात जिलबी झाली, आबासाहेबांनी रातोरात खादी घेतली. उत्तर आले ते जुन्याच कागदावर. वरचा मुकुट कुणीतरी शाईने नेटकेपणाने खोडला होता.

शिक्षकांच्या खोलीत मी नानांना ते वाचून दाखवले. चौकशी समितीच्या मते अपघाताचे कारण एका इंजिनाची शक्ती ऐन वेळी कमी पडणे आणि टेकडीवर उतरलेला ढग. भाराविषयी शंका घ्यायला जागा नाही. प्रत्येक पोते ऐंशी पौंडांचे असल्याची स्पष्ट नोंद असून तिच्यावर हवालदार आर. जाधव यांची सही आहे.

मी कागदाची घडी घातली. नाना हसू लागले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते पाहणे सोपे नव्हते.

“म्हंजे मास्तर, मी खरं बोललो आसं धरून मला सोडलं.”

“इंजिनाचे तरी म्हणतातच की.”

“इंजान कमी पडलं म्हनत्यात. कशाला कमी पडलं? वझ्यालाच की.” फेटा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. “जाऊ द्या. आता सांगायचं ऱ्हायलं त्ये एकाच जागी. तुमी चला संगं. मी एकला गेलो तर स्टेशनातनंच परत यीन.”

पुढच्या रविवारी आम्ही रहिमतपूरला उतरलो. नाना या वेळी बरोबर फलाटाच्याच बाजूने उतरले. फक्त उतरायला त्यांना वेळ लागला. दौलतची आई तानूआक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. आत भिंतीवर चौकटीत सरकारी कागद टांगला होता; त्यावर राजाचे नाव, कर्तव्य, बलिदान वगैरे ठळक अक्षरांत. तिला वाचता येत नव्हते. गावातल्या कुणी वाचून दाखवला असेल, तर त्यातून तिला एवढेच कळले होते, की पोरगा मेला आणि ते चांगले झाले.

नाना अंगणातच खाली बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. काटा, मग, पाऊस, टेकडी. काही गाळले नाही. फक्त ‘घाला नाना, घाला’ म्हणणारा दौलत त्यांनी गाळला. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

तानूआक्काचे हात मध्येच थांबले होते. पण तिने विचारले ते निराळेच. “म्हंजे त्यो बंदूक चालवत न्हवता?”

“न्हाई. त्येचं काम दारात हुबं ऱ्हायाचं. घंटी झाली की पोतं खाली ढकलायचं.”

“खाली कोन आसायचं?”

“आपलीच पोरं, आक्का. रानात अडकल्याली. दोन-दोन, तीन-तीन दिस उपाशी.”

तिने एक शेंग उचलली आणि तशीच हातात धरली. “मला वाटायचं, कुनाची तरी पोरं मारताना मेला आसंल. लढाई म्हनल्यावर दुसरं काय. दिवा लावताना म्या रोज त्या पोरांच्या आयांची माफी मागायची.” तिने पदराने तोंड पुसले. “वाढपी हुता म्हना की माझा दौलत.”

“व्हय,” नाना म्हणाले. “वाढपीच.”

मग ती रडली. नाना थांबले, आणि तिचे रडणे ओसरल्यावर पुन्हा म्हणाले, “पन आक्का, ते दोन मग...”

“किती येळ मग मग करतुयास?” आक्का एकदम कडाडली. “तू काय घातलंस ते मला येऊन सांगितलंस. इंजनात काय हुतं, ढगात काय हुतं, टेकडीम्होरं इमान ठेवायची अक्कल कुनाची, त्ये कोन आलं का सांगाय? ह्यो कागूद आला, बास!” तिने हातातली शेंग चौकटीच्या दिशेने फेकली. ती तिथवर पोचली नाही. “इतकी सालं झाली. रागच हाय माझा तुझ्यावर. लय उशिरा आलास, त्येचा राग. तांदळाचा न्हाई. उपाशी पोरांस्नी वाढताना हात आखडला आसतास, तर ह्या अंगनात बसू दिलं नसतं तुला.”

नानांनी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्यांनी सूप पुढे ओढले आणि तिच्याबरोबर शेंगा फोडू लागले. मला काय करावे सुचेना, म्हणून मीही दोनचार फोडल्या.

परत येताना गाडीत मी विचारले, “हलके वाटते का?”

“हलकं?” ते म्हणाले. “सात मानसं हलकी कशी व्हतील, मास्तर? पन आता मी त्येंच्याकडं तोंड करून बसू शकतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम कोठीत डोकावलो. खरे सांगायचे तर चमत्काराची आशा होती. नानांनी पायली भरली, खिशातून पट्टी काढली आणि काठावरून फिरवली. मी परत फिरलो. माणूस एका अंगणात जाऊन आला म्हणजे बदलतो, असे माझ्या वाचनात फार आले होते.

पुढल्या वर्षी दौलतच्या तिथीला तानूआक्काने गावजेवण घातले आणि निरोप पाठवला, की वाढायला राघूच पाहिजे. नाना आदल्या दिवशीच गेले. माझी गाडी उशिरा पोचली. मी अंगणाच्या तोंडाशी उभा राहिलो तेव्हा दुसरी पंगत चालू होती. नाना धोतराचा काचा मारून, कोट काढून, भाताची बादली घेऊन ओळीतून चालले होते. एका म्हाताऱ्याने ‘पुरे, पुरे’ म्हणत पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले. नाना त्याच्यासमोर वाकून उभे राहिले. घाई केली नाही, आग्रह केला नाही, नुसते थांबले. हात दमून बाजूला झाले तेव्हा त्यांनी वाढले आणि पुढे गेले. ओट्यावर बसून तानूआक्का बघत होती. तिच्या शेजारी कुणी पुटपुटले, “आवं, जरा हात राखून वाढा म्हनावं त्येला.” तिने त्या माणसाकडे पाहिलेसुद्धा नाही.

त्यानंतर महिन्याभरात माझी बदली झाली आणि नाना मला पुन्हा भेटले नाहीत. मला दिसतात ते त्या अंगणातलेच; बादली घेऊन वाकलेले.

त्या दिवशी मी तिसऱ्या पंगतीला बसलो. भात संपला होता. आम्हाला भाकरी मिळाली.